आल्पोने पंपाला घर बांधलं

आल्पो हैकुरा सुतार होता. आणि सुतार म्हणजे नुसता खिळे ठोकणारा नव्हे. दूर उत्तरेच्या बर्फाळ मुलखातल्या कुह्मोच्या आसपास ज्या दोन-चार जुन्या चर्चच्या छपरांवर लाकडी कौलं आहेत, ती बदलायची वेळ आली की लोक त्यालाच बोलावत. पाइनचं खोड चिरून, एकेक कौल हाताने तासून, त्याला डांबर पाजून तो उतरत्या छपरावर असा काही बसवायचा की पावसाचा थेंब आत शिरेल तर शपथ. स्वभाव विचाराल तर देवमाणूस. फक्त बोलायचा कमी. आता त्याच्या हिएतावारासारख्या गावात कमी बोलणं हा काही दुर्गुण नव्हे. उलट जास्त बोलणाऱ्याकडेच तिथे लोक जरा संशयाने बघतात.

त्याची बायको साइमी त्याच्याहून थोडी बोलकी, पण स्वतःबद्दल मात्र चकार शब्द नाही. काही दुखलं-खुपलं तर विचारावं लागायचं, आणि विचारलं तरी उत्तर ठरलेलं, "काही नाही, ठीक आहे." चाळीस वर्षं तिने गोठा सांभाळला. थंडीचे सात महिने गाई आत, आणि आत बुरशी धरलेल्या वाळक्या गवताची धूळ. ती धूळ बिचारीच्या छातीत कायमची जाऊन बसली. गाई विकल्या, गोठा रिकामा झाला, पण खोकला काही गेला नाही. जिना चढताना मध्येच थांबून भिंतीवरचं चित्र बघायची. ते चित्र तिने हजार वेळा पाहिलेलं होतं, पण दम लागलाय असं कबूल कोण करणार?

शेवटी डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, "साइमी, धूर नको आणि गारठाही नको. यातलं एक जरी झालं तर ही फुप्फुसं फार दिवस साथ देणार नाहीत."

झालं, इकडे आड तिकडे विहीर. कारण त्या घरात ऊब यायची ती मधोमध बांधलेल्या विटांच्या थोरल्या भट्टीतून. आल्पोच्या बापाने युद्धानंतर ओंडक्यांचं घर उभं केलं तेव्हाचीच ती भट्टी. पेटवली की पहिली पंधरावीस मिनिटं थोडा धूर खोलीत सोडायचीच. भट्टी पेटवावी तर धूर, न पेटवावी तर गारठा.

मुलगी मार्युत औलू शहरात असते. ती सुट्टीला आली आणि जेवताना म्हणाली, "बाबा, हीट पंप बसवू या. सगळ्यांकडे आहे आता. शेजारच्या कौकोकाकांकडेपण आहे."

"बाहेर उणे तीस असतं. त्यातून ऊब कुठली काढणार ते डबडं?"

"थंड हवेतही थोडी ऊब असते, बाबा. ती ओढून आत आणतं."

"माझ्या खिशातही थोडे पैसे असतात. ते काढून दाखव म्हणावं."

साइमी हसली, आणि हसता हसता खोकली. ती खोकतच राहिली. आल्पोने काटा खाली ठेवला आणि म्हणाला, "बसवा."

ऑगस्टच्या शेवटी एक तरुण कारागीर आला. एक पांढरी लांबट पेटी आत भिंतीवर, दाराच्या वर, आणि एक पंख्याचा खोका बाहेर, पायऱ्यांच्या शेजारी. जाताना तो आल्पोला म्हणाला, "हे बघा, बाहेरच्या खोक्याच्या समोर आणि बाजूला मोकळं असू द्या. त्याला खेळती हवा लागते. बर्फ साचला तर झाडून टाका, बाकी काही करू नका."

आल्पोने मान डोलावली. पण त्याचं लक्ष भिंतीकडे होतं. बापाने कुऱ्हाडीने तासलेले ओंडके, लाल मातीचा रंग, पांढऱ्या चौकटीच्या खिडक्या, आणि त्यात मध्येच हा करड्या पत्र्याचा खोका. गोऱ्या गालावर चामखीळ यावी तसा तो त्याला दिसत होता.

पण पंप कामाचा निघाला हो! सप्टेंबरात रात्री गारठायला लागल्या तशी आतली पेटी मंद घुमायची आणि खोलीभर एकसारखी कोरडी ऊब पसरायची. भट्टी थंडच. धूर नाही, राख नाही. आणि एका सकाळी आल्पोने पाहिलं, साइमी पलंगावर सपाट झोपलेली. पाठीशी तीन उशा नाहीत, घशात घरघर नाही. कित्येक वर्षांत त्याने तिला असं आडवं, शांत झोपलेलं पाहिलं नव्हतं. तो दारातच उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले, आणि हे तिला कळू नये म्हणून तो बाहेर जाऊन त्या खोक्यासमोर उभा राहिला.

इथेच खरी गोष्ट सुरू होते. कारण त्या दिवशी आल्पोला वाटलं, ज्याने माझ्या बाईला झोप दिली त्याला मी असं उघड्यावर ठेवू? हिवाळ्यात तिकडे कुणीच उघड्यावर नसतं. गाईला गोठा असतो, होडी पालथी घालून झाकतात, सरपणाला छप्पर असतं, सफरचंदाच्या कोवळ्या झाडालासुद्धा गोणपाट गुंडाळतात. जे जपायचं ते झाकायचं, हे त्या माणसांच्या रक्तात आहे. आल्पोनेही तेच करायचं ठरवलं. त्याने पंपाला घर बांधायला घेतलं.

आणि घर म्हणजे काय घर! कमरेएवढ्या उंचीचं, पण थोरल्या घराची हुबेहूब प्रतिकृती. छपराला त्याच्या हातची लाकडी कौलं, चर्चला बसवायचा तशीच. कोपऱ्यांना खाचा पाडून ओंडक्यांची जुळणी. पीठ शिजवून, त्यात लाल माती घालून अंगणात स्वतः ढवळलेला रंग. समोर नाजूक पट्ट्यांचं दार, त्याला पांढरी चौकट. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ना, तसंच. खोक्यापेक्षा त्याच्या घरालाच जास्त मेहनत पडली.

साइमी शाल घेऊन पायरीवर येऊन बसायची आणि त्याला काम करताना बघायची. आल्पोची पाठ पार वाकली होती. चर्चच्या छपरावर चढणं सुटून सहा-सात वर्षं झाली होती, आणि ते सुटल्यापासून तो नुसता खिडकीशी बसून राहायचा. आता पुन्हा त्याच्या कानामागे पेन्सिल आली होती, तोंडाने शीळ वाजत होती.

"कसं वाटतंय?" तो विचारायचा.

"सुंदर झालंय रे," ती म्हणायची. आणि ते खोटं नव्हतं.

ऑक्टोबरात सगळं ठीक चाललं, कारण तेव्हा थंडी अशी नव्हतीच. मग नोव्हेंबर आला. कबरींवर मेणबत्त्या लावायच्या शनिवारी पारा उणे पंधराच्या खाली गेला, आणि आतल्या पेटीतून येणारा वारा कोमट झाला. आल्पोने बाहेर जाऊन पाहिलं तर पट्ट्यांच्या फटीतून खोक्यावर पांढरं दिसत होतं. त्याच्या मनात पहिला विचार काय आला असेल? बिचाऱ्याला थंडी वाजतेय.

त्याने शेवाळ आणलं. ओंडक्यांच्या घराच्या फटी बुजवायला जे शेवाळ वापरतात, तेच. आणि एकेक फट बुजवून टाकली.

अरे बाबा, तो पंप! त्याला बाहेरची ताजी हवा घ्यायची असते, तिच्यातली ऊब काढून घ्यायची असते आणि गारढोण झालेली हवा लांब फेकून द्यायची असते. या घरात कोंडल्यावर तो स्वतःच फेकलेली गार हवा पुन्हा पुन्हा ओढत होता. जितकी ओढेल तितका गोठत होता. आणि जितका तो गोठेल तितकं आल्पो जास्त शेवाळ भरत होता. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. पण तेव्हा हे त्याला सांगणार कोण?

शेजारी कौको मोइलानेनला माहीत होतं. त्याच्याकडे तसलाच पंप होता, तीन हिवाळे जुना. तो रविवारी कॉफीला आला, अंगणात थांबला, त्या लाल घरासमोर हात मागे बांधून उभा राहिला. कौलांवरून बोट फिरवलं.

"जुळणी छान आहे," तो म्हणाला.

"आहे खरी," आल्पो म्हणाला.

मग दोघं आत गेले, वेलचीचा गोड पाव खाल्ला, बर्फाविषयी बोलले, आणि कौको घरी गेला. गावाचा शेजारधर्मच असा, की दुसऱ्याच्या अंगणातल्या कामात बोट घालायचं नाही. मागितल्याशिवाय सल्ला देणारा माणूस म्हणजे आगाऊ. कौकोने त्याच्या परीने सभ्यपणाच केला.

आणि साइमी? तिला सगळ्यात आधी कळलं होतं. सकाळी चष्म्याची काडी कानाला गार लागायची. लोकरीच्या मोज्यांवर मोजे चढले, स्वेटरवर मेंढीच्या कातड्याची बंडी आली. आल्पो सतत उठबस करणारा, लाकडं हलवणारा माणूस, त्याला ते फारसं जाणवायचं नाही. ती बसून असायची. गारठा छातीत उतरत होता ते तिला कळत होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार! मार्युतचा फोन यायचा.

"आई, पंप चाललाय ना नीट?"

"चाललाय की."

"घर उबदार आहे ना?"

"आहे, आहे. तुझ्या बाबांनी त्याला काय सुरेख घर बांधलंय! ये आणि बघ एकदा."

डिसेंबर लागला आणि घरातला पारा तेरावर आला. तेव्हा मात्र आल्पो म्हणाला, "हे डबडं काही खऱ्या थंडीचं नव्हे. मी आधीच म्हटलं होतं." खरं सांगायचं तर हे म्हणताना त्याला आतून थोडं बरंही वाटलं. त्याने भट्टी पेटवली. "अगदी थोडी पेटवतो. तू तोवर आतल्या खोलीत जा, दार लावून घे."

ती आत गेली, दार लावलं, आणि टॉवेल तोंडावर धरून खोकली. टॉवेलमुळे आवाज बाहेर आला नाही.

सहा डिसेंबरला, देशाच्या स्वातंत्र्याच्या दिवशी, दुपारी तीनलाच अंधारलं. संध्याकाळी खिडकीत दोन मेणबत्त्या लावायच्या असतात. साइमीने पहिली लावली. दुसरीसाठी काडी ओढली आणि तशीच थांबली. आल्पोने वळून पाहिलं तर काडी बोटापर्यंत जळत आली होती, ओठ निळे पडले होते, तोंड उघडं होतं आणि आत हवा जात नव्हती.

रुग्णवाहिका यायला किती वेळ लागला ते आल्पोला कधीच सांगता आलं नाही. तो तिला मागून धरून जमिनीवर बसला होता. तिचे खांदे त्याच्या छातीवर वरखाली होत होते आणि तो एकच बोलत होता, "घे, घे गं, थोडा घे श्वास." एवढंच त्याच्या हातात होतं.

शहरातल्या दवाखान्यात तिला ठेवून घेतलं. कौको गाडी घेऊन मागोमाग आला होता. दुसऱ्या दिवशी त्यानेच आल्पोला घरी आणलं. शंभर किलोमीटरचा रस्ता, दोन्ही बाजूंना बर्फाने वाकलेली झाडं. गावाचा फाटा आला तेव्हा कौकोने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"आल्पो, ते खोपटं काढ."

"कुठलं?"

"पंपावरचं. त्याचा जीव गुदमरतोय त्यात. त्याला हवा हवी असते, ऊब नको असते."

आल्पो त्याच्याकडे वळला. "तुला कधी कळलं?"

"मी कॉफीला आलो होतो तेव्हाच."

"आणि तू माझ्या घरात बसलास, माझा पाव खाल्लास, आणि जुळणी छान आहे म्हणालास?"

"तुझं अंगण. तुझं काम. मी कोण बोलणार?"

आल्पोने मूठ आवळली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कौकोच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पण मारणार कुठल्या तोंडाने? कौकोच्या जागी तो असता तर त्यानेही तेच केलं असतं, जुळणी छान आहे म्हणाला असता आणि टोपी घालून घरी गेला असता. हे त्याला कळत होतं, आणि म्हणूनच त्याला रडू आलं. कौको दुसरीकडे बघत राहिला. मग त्याने गाडी चालू केली.

जो माणूस वाकडा खिळा सरळ करून परत वापरायचा, त्याने त्या दुपारी टॉर्चच्या उजेडात कुऱ्हाड घेतली. कौलं फुटली, चौकट फुटली, शेवाळाचे गोळे बर्फावर पसरले. कौको शेजारी उभा राहून तुकडे उचलत होता. आत पंप दिसलाच नाही. आत बर्फाचा एक ठोकळा होता आणि त्यात पंखा अडकून बसला होता. दोघांनी साउनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराची, भट्टी पेटवून पाणी गरम केलं आणि बादल्या वाहिल्या. बर्फ सुटला, पंखा आधी हिसका देऊन थांबला, मग फिरला. तासाभराने आल्पो आतल्या पेटीखाली हात धरून उभा होता. हाताला गरम वारा लागला. "म्हणजे हे चालत होतं," तो म्हणाला. "हे चालत होतं आणि मीच..."

नाताळच्या आधी साइमी घरी आली, नाकाशी प्राणवायूची नळी घेऊन. डॉक्टरीणबाईंनी आल्पोला बाजूला घेऊन सांगितलं होतं, गेलेली फुप्फुसं परत येत नाहीत; हा हिवाळा मिळेल, पुढचा मिळेल असं वाटत नाही. साइमीलाही ते सांगितलं होतं. गाडीतून उतरली आणि ती पायऱ्यांशीच थांबली.

"कुठे गेलं ते?"

"फोडलं."

"फोडलंस?" तिचा आवाज चढला. "मेल्या, इतकं सुंदर काम! सहा आठवडे खपत होतास त्याच्यावर. नुसतं उचलून बाजूला ठेवता आलं नसतं? पोरीला दाखवलं असतं!"

आल्पोला पन्नास वर्षांत तिच्याकडून अशी शिवी मिळाली नव्हती. तो म्हणाला, "साइमी, तुला थंडी वाजत होती का?"

ती शाल सावरू लागली.

"खरं सांग."

"वाजत होती."

"कधीपासून?"

"कबरींवर मेणबत्त्या लावल्या त्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस गं?"

"कशी बोलणार? तू पुन्हा शीळ घालायला लागला होतास."

आल्पो पायरीवर बसला. तोंड हातात धरून, पोरासारखा हुंदके देत रडला. ती त्याच्या शेजारी बसली, नळी सावरत. "ऊठ रे म्हाताऱ्या," ती म्हणाली, "आता मात्र खरंच थंडी वाजतेय मला." आणि तो धडपडत उठला.

त्या दिवशी दोघांत ठरलं, की जे असेल ते बोलायचं. गोड असो, कडू असो. ठरवलं आल्पोने, पण पाळलं साइमीने, आणि असं पाळलं की विचारू नका. पन्नास वर्षांचं साठलेलं होतं ना! लग्नात त्याने स्वतः बनवलेला पलंग तिला पहिल्या रात्रीपासून उंच पडत होता. हे ऐकल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याने पलंगाचे पाय कापले. त्याची कॉफी कडू असते आणि ती तो मुद्दाम उकळत ठेवतो. त्याचा तो तपकिरी कोट तिला कधीच आवडला नाही, तो घालून तो तिच्या बहिणीच्या लग्नात आला तेव्हा तिला लाज वाटली होती. तो पत्ते खेळताना मुद्दाम हरतो हे तिला माहीत आहे, आणि ते तिला अपमानाचं वाटतं.

"अजून आहे काही?" तो विचारायचा.

"दम घेऊ दे. आहे बरंच."

कौको आला की त्याचीही सुटका नसे. "काय रे कौको, माझा पाव कसा झालाय?" ती विचारायची, आणि तो "छान" म्हणाला की, "खरं बोल, नाहीतर गोठ्यात जाऊन खा." शेवटी एकदा बिचारा घाम पुसत म्हणाला, "जरा कोरडा आहे." साइमीने टाळी वाजवली. पंप बाहेर उघड्यावर, बर्फात, घुमत होता. आल्पो सकाळ-संध्याकाळ झाडू घेऊन त्याच्यासमोरचा बर्फ बाजूला करायचा. खोलीत एकवीस अंश असायचे, आणि भट्टीच्या तोंडावर साइमीने फुलांची कुंडी ठेवली होती.

त्या हिवाळ्यात आल्पोने जितकी बोलणी खाल्ली तितकी जन्मात खाल्ली नव्हती. आणि त्या हिवाळ्यात तो जितका सुखी होता तितकाही जन्मात कधी नव्हता. रोज सकाळी तो तिला विचारायचा, थंडी वाजते का. कधी ती नाही म्हणायची. कधी म्हणायची, "हो, पाय गार आहेत." आणि मग तो तिचे पाय मांडीवर घेऊन चोळत बसायचा, अगदी मन लावून.

मार्चच्या शेवटी ऊन पडायला लागलं. बर्फावर चालता येईल इतका तो घट्ट झाला. साइमीला आता पलंगावरून उठवत नव्हतं. मार्युत औलूहून निघाली होती. आल्पो खुर्ची ओढून पलंगाशी बसला.

"थंडी वाजते का?"

"नाही."

"पाय?"

"ऊन आहेत."

"छातीवर काही जड वाटतंय? उशी सरकवू?"

"नको. छान आहे असंच."

आल्पो पुढे झुकला. "साइमी, माझ्यासाठी म्हणून बोलू नकोस. खरं सांग."

तिने डोळे उघडले. त्यात जरा राग होता. "अरे, काल माशाच्या रश्शात मीठ जास्त घातलंस म्हणून बोलले की नाही तुला?"

"बोललीस."

"परवा दाढी नीट केली नाहीस म्हणून?"

"बोललीस."

"मग आज कशाला खोटं बोलू?" ती म्हणाली. "उबदार वाटतंय रे मला. खरंच उबदार वाटतंय."

संध्याकाळी, मार्युत येऊन तिचा हात हातात घेतल्यावर, ती गेली. पुढे आठवडाभर लोक येत राहिले. टोपी हातात धरून उभे राहायचे आणि म्हणायचे, शांतपणे गेली, काही त्रास झाला नसेल. लोक असं म्हणतातच. आल्पो मान डोलवायचा आणि त्यांना कॉफी द्यायचा. त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तिने स्वतःच सांगितलं होतं.